दुधाचे दात : एका प्रश्नाचा इतिहास

मुलाला दंतवैद्याकडे प्रथम केव्हा न्यावे, असा प्रश्न कोणी केला तर आपल्यापैकी बहुतेकजण एकच उत्तर देतील : दुखू लागल्यावर. आणि ते मूल तीन-चार वर्षांचे असेल, तर घरातील एखादे वडीलधारे माणूस त्यात आणखी भर घालील, "दुधाचे दात ते, पडायचेच आहेत, त्यांच्यासाठी वैद्य कशाला?" ही दोन्ही उत्तरे इतकी सहज ओठांवर येतात, की त्यांनाही काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही. वास्तविक ती फार जुन्या काळापासून चालत आलेली आहेत. माणसाने बालकाच्या दाताकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, त्याला रोग मानले की अवयव मानले, तात्पुरते मानले की मोलाचे मानले, ह्यावर ह्या प्रश्नाचे उत्तर युगायुगांत बदलत गेले आहे. तो बदल कसकसा घडला हे पाहणे आणि त्यावरून आपल्या गावातील मुलांसाठी काही बोध घेणे, एवढाच ह्या विवेचनाचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच शब्दसंपत्तीपासून करू. संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात. पक्षी जसा एकदा अंड्याच्या रूपाने आणि पुन्हा अंड्यातून जन्मतो, तसा दातही दोनदा जन्मतो, म्हणून तो द्विज. हे केवळ कविकल्पनेचे नाव नव्हे. बालरोगांवरील आपला प्राचीन ग्रंथ जी काश्यपसंहिता, तिच्यात 'दंतजन्मिक' नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. बत्तीस दातांपैकी काही एकदाच उगवतात आणि बाकीचे द्विज असतात, असा भेद त्यात केला आहे. म्हणजे बालकाचे दात हा विचार करण्याजोगा विषय आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत दंतरोगांची गणना आहे आणि तिच्यात 'कृमिदंतक' म्हणजे कृमींनी पोखरलेला दात हाही एक रोग सांगितला आहे.

ही कृमींची कल्पना मात्र एकट्या भारताची नव्हे. बाबिलोनी लोकांच्या मातीच्या विटांवर दातातील किड्याला उद्देशून लिहिलेला एक मंत्र सापडला आहे. चीनपासून युरोपपर्यंत सर्वत्र हाच समज होता, आणि आपण मराठी माणसे आजही दाताला 'कीड लागली' असेच म्हणतो. शब्द राहिला, किडा मात्र कधीच नव्हता. ह्या समजुतीचा एक परिणाम आपण ध्यानात ठेवला पाहिजे. दात बाहेरून आलेल्या किड्याने पोखरला जातो असे एकदा मानले, की तो होण्याआधी काही करता येईल हा विचारच खुंटतो. मग उरतो तो मंत्र, धुरी, नाहीतर दात उपटणे.

बालकांच्या बाबतीत तर ह्याहून मोठा एक घोटाळा शतकानुशतके चालू होता. दात येणे हाच एक रोग आहे, असे जगभर मानले जाई. दात येताना मुलांना ताप, आकडी, जुलाब होतात, असे हिप्पोक्रेटिसच्या सूत्रांत सांगितले आहे, आणि पुढची दोन हजार वर्षे युरोपातील वैद्य ते वाक्य गिरवीत राहिले. सतराव्या शतकात लंडन शहरात मृत्यूंच्या ज्या याद्या प्रसिद्ध होत, त्यांत मरणाच्या कारणांमध्ये 'दात' असा एक वेगळा रकानाच असे. सोळाव्या शतकातील प्रख्यात फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे ह्याने दात वर यावा म्हणून बालकाची हिरडी चिरण्याचा उपाय पुरस्कारिला, आणि तो पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ सर्रास चालला. १७४२ साली जोसेफ हर्लॉक ह्या इंग्रज वैद्याने मुलांच्या दातांवर एक ग्रंथ लिहिला. इंग्रजी भाषेतील त्या विषयावरचा तो पहिला ग्रंथ मानतात. पण त्याचाही मुख्य भर हिरड्या चिरण्यावरच होता.

एकोणिसाव्या शतकात ह्या चिरण्याच्या जोडीला दात येण्याच्या वेळच्या पुड्या आल्या. त्यांत कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा एक क्षार असे. पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील मुलांत एक चमत्कारिक विकार दिसू लागला. हातपाय गुलाबी होत, कातडी सोलवटे, मूल रात्रंदिवस किरकिर करी आणि कित्येक मुले दगावतही. ह्याचे कारण कोणालाच सापडेना. अखेर १९४० नंतरच्या दशकात जोसेफ वार्कानी ह्या अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने ह्या मुलांच्या लघवीत पारा दाखवून दिला, आणि १९५० नंतरच्या दशकात त्या पुड्यांतून पारा निघताच तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. जो रोगच नव्हता त्यावरच्या औषधाने मुले मरत होती! इतिहासातील हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. कारण आपल्याकडेही सहासात महिन्यांच्या मुलाला जुलाब सुरू झाले की "दात येत असतील" असे म्हणून स्वस्थ बसण्याची रीत अजून गेलेली नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी संपत येते, मूल वरचे अन्न खाऊ लागते आणि हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते. जुलाब होतात ते ह्यामुळे. दात बिचारा त्याच मुहूर्तावर येतो, म्हणून आळ त्याच्यावर.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दंतवैद्यकाला शास्त्राचे रूप येऊ लागले. १७२८ साली पिएर फोशार ह्याने आपला दंतशस्त्रवैद्यकावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने सूक्ष्मदर्शकातून किडे शोधून पाहिले, ते त्याला सापडले नाहीत, आणि तसे त्याने स्पष्ट लिहिले. पंधरा वर्षांनी, १७४३ साली, रोबेर ब्यूनाँ ह्या त्याच्या देशबंधूने बालवयातील आजारपणाचे व्रण दातांच्या कवचावर कसे उमटतात ते दाखवून दिले. दात हिरडीबाहेर दिसण्यापूर्वीच त्याची घडण सुरू झालेली असते आणि त्या काळातील कुपोषण व रोग त्याच्यावर कायमचे कोरले जातात, ही जाणीव येथपासून सुरू होते. परंतु जाणत्या मंडळींच्या ग्रंथांत काय लिहिले आहे, ह्याची बाजारात दात उपटीत बसणाऱ्याला किंवा त्याच्यापुढे मूल धरून बसणाऱ्या बापाला खबर नव्हती. दंतवैद्य म्हणजे दात उपटणारा, हेच समीकरण कायम होते. अशा माणसाकडे मुलाला दुखण्याआधी कोण नेणार?

खरा पालट झाला तो १८९० साली. विलॉबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करीत होता. रॉबर्ट कॉखचे जंतुशास्त्र तेथे नुकतेच बहराला आले होते. मिलरने दाखविले की तोंडातील सूक्ष्म जंतू पिष्टमय व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. किडा नव्हता, पण जंतू होते. आणि त्यांचे भक्ष्य आपणच त्यांना पुरवीत होतो. ह्या एका सिद्धांताने आपल्या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. दात किडणे ही दैवी आपत्ती नसून एक सावकाश चालणारी क्रिया आहे, असे ठरल्यावर ती मध्येच अडविता येईल, असा विचार प्रथमच शक्य झाला. आणि अडवायचीच तर ती लवकर अडविली पाहिजे. मग लवकर म्हणजे केव्हा?

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर वैद्यकाने दिले नाही. ते शाळेने आणि सैन्याने दिले. १८८५ साली स्कॉटलंडमधील डंडी गावचा दंतवैद्य विल्यम मॅक्फर्सन फिशर ह्याने शाळकरी मुलांच्या दातांची तपासणी सक्तीची करावी, अशी मागणी आपल्या व्यावसायिक सभेपुढे मांडली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण पुढे बोअर युद्धात कित्येक तरुण दातांपायी भरतीस नालायक ठरले, आणि जे भरती झाले त्यांतल्या अनेकांना शिधा म्हणून मिळणारे टणक बिस्किट चावेना, तेव्हा साम्राज्याचे डोळे उघडले. १९०२ साली स्ट्रासबुर्ग येथे एर्न्स्ट येसेनच्या प्रयत्नाने नगरपालिकेचा पहिला शालेय दंतदवाखाना उघडला. १९०७ साली केंब्रिजमध्ये इंग्लंडातील तसा पहिला दवाखाना निघाला. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडला आपल्या तरुणांच्या दातांची अशीच लाज वाटली आणि १९२१ साली थॉमस हंटर ह्याच्या योजनेनुसार त्या देशाने शालेय दंतसेवा सुरू केली. दोन वर्षांचे शिक्षण दिलेल्या तरुण स्त्रियांना शाळाशाळांतून नेमण्यात आले. पायाने चालविण्याच्या यंत्राने त्या मुलांचे दात कोरीत आणि भरीत. हा प्रयोग पुढे मलाया, श्रीलंका अशा देशांतही गेला.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सहा वर्षे हे वय दाताने ठरविले नव्हते, ते हजेरीपटाने ठरविले होते. मुले एकत्र सापडतात ती शाळेत, म्हणून तपासणी शाळेत, म्हणून ती सहाव्या वर्षी. सरकारच्या दृष्टीने हे सोयीचे होते, आणि त्या काळी एवढे झाले हीच मोठी गोष्ट होती. परंतु सहाव्या वर्षी जे मूल दंतवैद्याच्या खुर्चीवर बसे, त्याच्या कित्येक दाढा तोवर पोखरून गेलेल्या असत. मग पहिलीच भेट कोरण्याची आणि उपटण्याची. न्यूझीलंडच्या मुलांनी ह्या दवाखान्याला जे टोपणनाव ठेवले ते 'खूनघर' अशा अर्थाचे होते! त्या परिचारिका निष्ठुर नव्हत्या. पण मुलाची आणि वैद्याची पहिली गाठ वेदनेच्या उंबरठ्यावर पडली, की त्याच्या मनात जी दहशत बसते ती पुढे साठ वर्षे जात नाही. आपल्या सभोवार पाहिले तर दाढ ठणकत असता लवंग धरून बसणारी, पण दंतवैद्याची पायरी न चढणारी थोर-मोठी माणसे ह्याची साक्ष देतील.

भीतीचा हा प्रश्न ज्यांनी ओळखला त्यांत लॉस एंजेलिसच्या मिनी इव्हँजेलिन जॉर्डन ह्या बाईंचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. १९०९ पासून त्यांनी आपला व्यवसाय केवळ मुलांपुरता ठेवला. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. बॉस्टनमध्ये १९१४ साली फॉर्साइथ बंधूंच्या नावाने मुलांसाठी भव्य दंतरुग्णालय उघडले. छायाचित्रणाच्या व्यवसायात अपार धन मिळविलेल्या जॉर्ज ईस्टमनने प्रथम आपल्या रॉचेस्टर शहरात आणि पुढे लंडन, रोम, स्टॉकहोम, ब्रुसेल्स व पॅरिस येथे मुलांसाठी दंतदवाखाने बांधून दिले. १९५९ साली अॅडल्स्टन ह्याने मुलांना हाताळण्याची एक साधी रीत मांडली : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आपल्याकडची समंजस आजी नातवाला न्हाऊ घालताना हेच करते. पण शास्त्राने ते शिकायला बराच काळ घेतला.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहाचे वय तीनवर आले. तीनच का? तर तोवर दुधाचे वीसही दात आलेले असतात, मूल खुर्चीवर बसू शकते आणि सांगितलेले समजते. हेही वय, बारकाईने पाहिले तर, वैद्याच्या सोयीचेच होते. रोग मात्र तीन वर्षे थांबायला तयार नव्हता. १८६२ साली न्यूयॉर्कचे बालवैद्य अब्राहम याकोबी ह्यांनी अगदी तान्ह्या मुलांच्या किडलेल्या दातांचे वर्णन केले होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ साली, एलियास फास ह्यांनी त्या रोगाचा संबंध तोंडात बाटली धरून झोपण्याच्या सवयीशी जोडला. झोपेत लाळ कमी सुटते. गोड दूध वरच्या पटाशीच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पुढचे दात हिरडीलगत काळवंडून झिजतात.

ह्याच सुमारास साखरेविषयीचे ज्ञानही पक्के झाले. स्वीडनमधील व्हीपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत १९४५ पासून एक दीर्घ प्रयोग चालला आणि त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. साखर एकूण किती खाल्ली ह्यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली ह्यावर कीड अधिक अवलंबून असते, असे त्यातून दिसून आले. ज्यांना नकार देता येत नव्हता अशा असहाय माणसांना चिकट टॉफी चारून हे ज्ञान मिळविले गेले, हा त्या प्रयोगावरचा कलंक आहे आणि तो पुसता येणार नाही. पण त्या अभाग्यांनी मोजलेल्या किमतीचा आपण निदान उपयोग तरी केला पाहिजे. पुढे १९६० साली पॉल कीज ह्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत कीड संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते हे दाखविले, आणि मुलाच्या तोंडातील हे जंतू बहुधा आईकडूनच येतात असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. म्हणजे मुलाच्या दातांची काळजी आईच्या दातांपासून सुरू होते.

एवढे सगळे जमल्यावर तीन वर्षांचा दाखला टिकणे शक्यच नव्हते. १९८६ साली अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीने पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली भेट व्हावी असे धोरण स्वीकारले, आणि २००३ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही त्यास दुजोरा दिला. आज जगातील बहुतेक बालदंतवैद्य हेच सांगतात : पहिला दात दिसल्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत.

हे ऐकून कोणी विचारील, की वर्षाच्या मुलाच्या तोंडात सहा-आठ दात, त्यांत वैद्य पाहणार तरी काय? ह्याचे उत्तर असे : ह्या भेटीत कोरायचे काही नसते, हाच तिचा मोठा गुण होय. आई आणि वैद्य गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईच्या मांडीवरून मागे कलते, त्याचे डोके वैद्याच्या मांडीवर येते. दोनतीन मिनिटांत पाहणे आटोपते. मूल थोडे रडते आणि रडताना तोंड उघडते, त्यामुळे काम सोपेच होते. वैद्य शोधतो ती हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ. कीड काळी दिसते ती पुष्कळ पुढे; तिचा आरंभ पांढऱ्या डागाने होतो, आणि त्या अवस्थेत योग्य काळजीने ती मागे फिरविता येते. शिवाय बाटली केव्हा सोडवावी, चोखणीला मध किंवा साखर का लावू नये, पहिल्या दातापासूनच फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन दात कसे घासावेत, हे आईला त्याच वेळी कळते. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे. तेथील पालकांनी पेस्टविषयी वैद्याला मुद्दाम विचारावे.

आता "पडायचेच दात" ह्या युक्तिवादाकडे वळू. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. म्हणजे पहिलीपासून पाचवी-सहावीपर्यंत मूल जेवते ते त्यांच्यावर. शिवाय त्या पुढच्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि मागून येणाऱ्यांना वाट राहत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. सहाव्या वर्षी जी पहिली कायमची दाढ येते, ती कोणताही दात न पडता, सर्वांच्या मागे, गुपचूप येते. घरची मंडळी तिलाही दुधाची समजतात आणि ती किडली तरी स्वस्थ राहतात. जन्मभराची दाढ अशी एका गैरसमजापायी जाते.

आपल्या देशाचा ह्या इतिहासातील भाग लहान असला तरी अभिमानास्पद आहे. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी भारतात प्रथम झाली ती १९०९ साली, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात. १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय निघाले. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला. त्याच्या दोन वर्षे आधी भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात सुमारे तीन लाख लोकांमागे एक दंतवैद्य होता. आज दंतमहाविद्यालयेच तीनशेहून अधिक आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी व्हावी, अंगणवाडीत पथकाने वर्षातून दोनदा जावे अशी योजना आहे, आणि तपासावयाच्या विकारांत दातांची कीडही आहे.

मग अडचण कोठे आहे? दंतवैद्य वाढले, पण ते शहरांत एकवटले. आणि त्यांच्या फीचा विचार करूनच कित्येक आईबापांचे पाऊल अडते. ही अडचण खोटी नाही, आणि ज्याच्या गावी दंतवैद्यच नाही त्याला वाढदिवसाचा मुहूर्त सांगणे म्हणजे थट्टाच होय. पण इतिहासाकडे पुन्हा पाहा. वय बदलत गेले ते मुले जेथे सापडतात त्या ठिकाणाप्रमाणे. शाळा हे ठिकाण होते तेव्हा सहा वर्षे ठरली. आज वर्षाच्या आतले मूल सापडते असे ठिकाण आपल्याकडे आहे. ते म्हणजे लस टोचण्याची जागा. नवव्या महिन्यात गोवराची लस टोचायला जवळजवळ प्रत्येक मूल आणले जाते. तेव्हा परिचारिकेने किंवा डॉक्टरने त्याचा वरचा ओठ उचलून पाहिला, तर त्याला अर्धे मिनिट पुरे. पांढरी रेघ दिसली तर मुलाला पुढे पाठवावे. न दिसली तर आईला दोन गोष्टी सांगाव्या. ह्यासाठी नवी इमारत नको, नवे यंत्र नको.

ज्यांना दंतवैद्य जवळ आहे आणि खर्च झेपतो, त्यांनी तर पहिल्या वाढदिवसाची वाट न पाहता पहिला दात दिसताच दिवस ठरवावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी रोज रात्री दिव्याच्या उजेडात मुलाचा ओठ उचलून पाहावा, आणि अंगणवाडीत तपासणीचे पथक येते की नाही, आले तर तोंड पाहते की नाही, ह्याची विचारपूस करावी. नगरपालिकेच्या दवाखान्याने लसीच्या दिवशी मुलांची तोंडे पाहण्याची पद्धत घालावी, अशी मागणी आपल्याच सभागृहातून व्हावी, असे आम्हांस वाटते. फिशरची मागणी मान्य व्हायला युद्धातल्या नामुष्कीची वाट पाहावी लागली. आपल्याकडे तसे व्हायचे कारण नाही. मुलाची एक रडती रात्र पाहिलेले आईबाप ह्या गावात पुरेसे आहेत.